पान टाका, इलेक्ट्रॉन घ्या

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं की आवर्तसारणी मुलांच्या अंगात मुरवायची असेल, तर हात करण्याच्या पत्त्यांच्या खेळाइतकं चांगलं साधन नाही. त्यावर खानापूर, निपाणी, अथणी आणि बेळगाव शहरातून पत्रं आली. या वेळची सगळी जागा त्यांनाच देते.

खानापूर तालुक्यातल्या एक शिक्षिका: पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढलं की आमच्या दहावीच्या वर्गात आठ-नऊच मुलं असतात. नवीन धडा घेता येत नाही. आवर्तसारणी त्यांना घडाघडा म्हणता येते, पण सोडियमपेक्षा पोटॅशियम जास्त क्रियाशील का, असं विचारलं की सगळी गप्प. दुकानातून मूलद्रव्यांचे पत्ते आणले, पण मुलं चित्रं बघून बाजूला ठेवतात. तीन-चार जणांत पंधरा मिनिटांत संपेल असा खेळ सांगाल का?

बाई, त्या पत्त्यांचं दुखणं मला माहीत आहे. बदाम-इस्पिकच्या जागी मूलद्रव्यं छापलेली असतात आणि नियम मात्र जुनेच. मुलाने हात जिंकला तर तो का जिंकला याचं उत्तर रसायनशास्त्रात नसतं, राजा राणीपेक्षा मोठा असतो एवढंच असतं. विज्ञान पानावर छापून भागत नाही, ते नियमात उतरावं लागतं. माझ्या वर्गात मी जो खेळ बसवला तो सविस्तर देते.

वीस पानं करायची. रंग चार. नावापुढचा आकडा म्हणजे त्या मूलद्रव्याचा अणुक्रमांक, अणूतल्या प्रोटॉनांची संख्या. अल्क धातू: लिथियम 3, सोडियम 11, पोटॅशियम 19, रुबिडियम 37, सिझियम 55. अल्कमृदा धातू: बेरिलियम 4, मॅग्नेशियम 12, कॅल्शियम 20, स्ट्रॉन्शियम 38, बेरियम 56. हॅलोजन: फ्लोरीन 9, क्लोरीन 17, ब्रोमीन 35, आयोडीन 53. राजवायू: हेलियम 2, निऑन 10, अरगॉन 18, क्रिप्टॉन 36, झेनॉन 54. ही झाली एकोणीस, आणि विसावं पान हायड्रोजन, 1. चौघं असतील तर प्रत्येकाला पाच पानं. तिघं असतील तर ॲस्टेटीन 85 हे पाचवं हॅलोजन घालून एकवीस करायची, म्हणजे प्रत्येकी सात.

पानं वाटण्याआधी ती एकदा अणुक्रमांकाप्रमाणे बाकावर मांडायला सांगा आणि काही बोलू नका. 1, 2, 3, 4. मग 9, 10, 11, 12. मग 17 ते 20, 35 ते 38, 53 ते 56. चार-चारच्या सलग ओळी पडतात आणि प्रत्येक ओळीत दुसरा राजवायूच येतो. हे मुलांना स्वतःला दिसू द्यावं. पाठ केलेली सारणी तिथे पहिल्यांदा समोर उभी राहते.

आता नियम. वाटणाऱ्याच्या उजव्या हाताचा भिडू पहिली उतारी करतो. उतरलेल्या रंगाचं पान हातात असेल तर तेच टाकायचं. दोन्ही धातूंच्या रंगांत मोठा अणुक्रमांक वरचढ, कारण गणात, म्हणजे सारणीच्या एका उभ्या रांगेत, खाली जावं तसं इलेक्ट्रॉनांचं शेवटचं कवच केंद्रकापासून लांब जातं आणि तिथला इलेक्ट्रॉन सहज सुटतो. सिझियम रुबिडियमला हरवतं, बेरियम कॅल्शियमला. हॅलोजनच्या रंगात मात्र हे उलटं. तिथे लहान अणुक्रमांक वरचढ, कारण अणू जितका लहान तितकी बाहेरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनवर त्याची ओढ जास्त. पोटॅशियम ब्रोमाइडच्या द्रावणात क्लोरीन सोडलं की ब्रोमीन बाहेर पडतं आणि द्रावण पिवळसर-नारिंगी होतं, हे पुस्तकात आहेच. सतराने पस्तिसाला हरवलं की मुलांना तेच आठवलं पाहिजे.

हॅलोजन हाच कायमचा हुकूम, पण फक्त धातूंवर. उतारी सोडियमची आहे, तुमच्याकडे अल्क धातू नाही, तर हॅलोजन टाकून कापा. सोडियमचा इलेक्ट्रॉन क्लोरीनने घेतला, म्हणून हात क्लोरीनवाल्याचा. कापताना तयार होणाऱ्या क्षाराचं नाव मोठ्याने म्हणायचं: सोडियम क्लोराइड, पोटॅशियम आयोडाइड. नाव चुकलं तर कापलेलं धरायचं नाही. एकाच हातात दोघांनी हॅलोजन टाकलं तर लहान अणुक्रमांकाचा हात. राजवायूच्या उतारीला हॅलोजन कापू शकत नाही, कारण त्यांचं शेवटचं कवच भरलेलं आहे. तिथे राजवायूंतलाच मोठा अणुक्रमांक जिंकतो. याला अपवाद एकच, तो पुढच्या उत्तरात येईल.

हायड्रोजनचं पान सर्वांत मजेचं. त्याच्या एकुलत्या एका कवचात एकच इलेक्ट्रॉन. तो दिला तर अल्क धातूसारखा, आणि एक घेतला तर हॅलोजनसारखा. हायड्रोजन क्लोराइडमध्ये तो देण्याच्या बाजूला झुकतो, सोडियम हायड्राइडमध्ये मात्र चक्क घेतो. म्हणून हे पान टाकताना भिडूने सांगायचं, ‘देणारा’ की ‘घेणारा’. देणारा म्हटलं तर अल्क धातूंत सगळ्यांत दुबळा, घेणारा म्हटलं तर धातूला कापतो पण कुठल्याही खऱ्या हॅलोजनपुढे हरतो. त्याला रंग पाळण्याची सक्ती नाही. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीवपासून ज्याच्या जागेचा वाद चालू आहे, त्या मूलद्रव्याला खेळातही एक पक्की जागा देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

प्रत्येकाने एकदा वाटलं की खेळ संपला. ज्याचे एकूण हात जास्त तो जिंकला. तिघांचे तीन डाव पंधरा मिनिटांत सहज होतात.

मुलं सरावली की अजून एक नियम घाला. अल्कमृदा धातू दोन इलेक्ट्रॉन देतात, म्हणून त्यांच्या उतारीवर दोन हॅलोजन पडले तर तो हात दुप्पट धरायचा. यात हायड्रोजन मोजायचा नाही. कॅल्शियमवर दोन वेगवेगळे हॅलोजन कसे, अशी शंका कुणीतरी काढणारच. तेव्हा त्यांना सांगा, बेरियम, फ्लोरीन आणि ब्रोमीन यांचं एकत्र संयुग खरोखर आहे, आणि एक्स-रे काढायच्या एका प्रकारच्या डिजिटल प्लेटवर त्याचाच थर असतो.

पानं करायला छापखान्यात उरलेले कार्डाचे तुकडे मागून आणा. जुन्या लग्नपत्रिका कापून करू नका, पाठीमागचं नक्षीकाम वेगवेगळं असतं आणि दुसऱ्या डावापासून पान ओळखू येतं. अणुक्रमांक दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत लिहा, म्हणजे पंख्यासारखी धरली तरी दिसतात. नाव न लिहिता फक्त रासायनिक संज्ञा लिहा. संज्ञा जगभर एकच, त्यामुळे शेजारच्या कन्नड माध्यमाच्या वर्गातली मुलंही याच कॅटावर, म्हणजे पत्त्यांच्या जोडावर, खेळतील. आमच्याकडे मधल्या सुट्टीत ती खेळायची. क्षाराचं नाव कोणत्याही भाषेत सारखंच, भांडण फक्त गुणांचं.

अथणीहून एक विद्यार्थी: राजवायू कुणाशीच संयोग पावत नाहीत, असं आम्हाला शिकवलं. मग खेळातसुद्धा त्यांना कधीच कापता येऊ नये ना?

1962 पर्यंत जवळजवळ सगळं जग हेच म्हणत होतं. त्या वर्षी कॅनडात व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नील बार्टलेट यांनी झेनॉन वायू आणि प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडची वाफ एकत्र आणली, आणि पिवळसर-नारिंगी घन पदार्थ तयार झाला. त्याच वर्षी झेनॉन आणि फ्लोरीन यांची थेट संयुगंही हाती आली. कारण तुझ्याच धड्यात आहे. झेनॉनचा अणू मोठा, शेवटचं कवच केंद्रकापासून लांब, त्यामुळे त्याचे इलेक्ट्रॉन हेलियमसारखे घट्ट धरलेले नसतात. आणि समोर फ्लोरीन असेल तर ते ओढून घेणारच.

म्हणून आपल्या खेळात झेनॉनची उतारी फक्त फ्लोरीनने कापता येते. बाकी कुठल्याही राजवायूला कुणीही कापू शकत नाही. क्रिप्टॉनचंही फ्लोराइड करता येतं, पण ते थंडीत जपावं लागतं, तेव्हा खेळात तो अपवाद मी धरत नाही. तुमच्या गटाला धरावासा वाटला तर डाव सुरू होण्याआधी सगळ्यांनी मिळून ठरवा.

या एका नियमाने डाव कसा फिरतो ते सांगते. जांबोटीकडच्या एका शाळेत मी तिघांचा गट बघत उभी होते. एका मुलीकडे फ्लोरीन होतं आणि राजवायूंपैकी एकटा निऑन. कुणीतरी लिथियम उतरला, तिच्याकडे अल्क धातू नव्हता. फ्लोरीन टाकून हात सहज घेता आला असता. तिने निऑन टाकला. शेजारचा मुलगा तिला हसला. दोन हातांनंतर त्याच मुलाने झेनॉन आपटला आणि पानं गोळा करायला हात पुढे केला, कारण त्याच्या हिशेबाने झेनॉनला कापणारं काही नव्हतं. तिने फ्लोरीन त्याच्या बोटांशेजारी ठेवलं आणि म्हणाली, ‘झेनॉन डायफ्लोराइड.’ राजवायू संपवल्याशिवाय फ्लोरीन वापरता येणार नाही, हे तिने पानं उचलल्या उचलल्या ओळखलं होतं. परीक्षेत या मुद्द्यावर दोन गुणांचा प्रश्न येतो. तिला तो आता कधी चुकणार नाही.

निपाणीहून एक पालक: आमचं घर माळकरी आहे. वडील पत्त्यांना घरात हात लावू देत नाहीत, जुगार म्हणतात. मुलीच्या शाळेत असा खेळ सुरू झाला तर त्यांना काय सांगू?

वडिलांची भीती खोटी नाही. आपल्या भागात पत्त्यांपायी बसलेली घरं त्यांनी पाहिली असणार. त्यांच्या चोरून काही करू नका. कॅट त्यांच्यापुढे ठेवा. त्यात राजा नाही, राणी नाही, गुलाम नाही, आणि पैसा तर नाहीच. त्यांना डावात बसायला सांगू नका, गुण मांडायला सांगा. आजोबा पाटीवर गुण लिहीत बसले की नात लबाडी करत नाही आणि आजोबांना खेळ कळतो.

त्यांना सावंतवाडीच्या गंजिफाही दाखवा. आंबोली घाट उतरून गेलं की सावंतवाडीच्या राजवाड्यात त्या अजून हाताने रंगवतात. गोल पानं, वर लाखेचा थर. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी एकशेवीस पानं. मत्स्य, कूर्म, वराह हे पत्त्यांचे रंग! आपल्या लोकांनी देवाचे अवतार पानांवर आणले ते भक्ती सोडून नव्हे.

त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गंजिफा तिघांत खेळतात, हातच करायचे असतात, हुकूम नसतो, आणि राजा-प्रधानाखाली निम्म्या रंगांत दहा वरचढ असतो तर निम्म्या रंगांत एक्का. म्हणजे अर्ध्या रंगांचा क्रम सुलटा, अर्ध्यांचा उलटा. धातूंत मोठा अणुक्रमांक जिंकतो आणि हॅलोजनमध्ये लहान, हा नियम मुलांना गोंधळात टाकेल असं मला काही शिक्षकांनी बोलून दाखवलं. मी त्यांना गंजिफाकडे बोट दाखवते. अक्षरओळख नसलेली माणसंसुद्धा दहा रंगांचे दोन क्रम डोक्यात ठेवून खेळत आली, मग दहावीच्या पोरांना चार रंगांचे दोन क्रम जड जाणार नाहीत.

बेळगावात अभियांत्रिकी शिकणारा एक वाचक: रूममेटने बंगळुरूहून ‘कॅट इन द बॉक्स’ नावाचा खेळ आणलाय. पानांना रंगच नाही, टाकताना आपण रंग सांगायचा. हा श्रोडिंगरच्या मांजराचा खेळ म्हणतात. यात खरं विज्ञान आहे की नुसतं नाव?

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा जपानी खेळ मुनेयुकी योकोउची यांनी 2020 मध्ये काढला, 2022 मध्ये अमेरिकेतून त्याची इंग्रजी आवृत्ती आली. पानांवर फक्त आकडे. तांबडा, निळा, पिवळा, हिरवा यांपैकी पानाचा रंग टाकताना तुम्ही जाहीर करता. तांबडा हुकूम. जाहीर केलेला आकडा आणि रंग मधल्या पाटावरच्या घरात खूण ठेवून नोंदवायचा, आणि एकदा घेतलेलं घर दुसऱ्याला मिळत नाही. निळा असूनसुद्धा ‘माझ्याकडे निळा नाही’ म्हणता येतं, पण एकदा म्हटलं की त्या डावात निळा तुमच्यासाठी बंद. किती हात होतील ते ‘जजमेंट’ या पत्त्यांच्या खेळासारखं आधी सांगायचं. गोम अशी की प्रत्येक आकड्याची पानं पाच आणि रंग चारच. शेवटी शेवटी एखाद्याच्या हातात अशी पानं उरतात जी कुठल्याच घरात बसत नाहीत. ती विसंगती झाली, डाव तिथेच थांबतो आणि त्या भिडूने केलेल्या प्रत्येक हाताला उणे गुण.

आता तुमचा प्रश्न. एर्विन श्रोडिंगर यांनी 1935 मध्ये पेटीतल्या मांजराचा दाखला दिला तो एक अडचण दाखवायला. पेटीत मांजराबरोबर ठेवलेला किरणोत्सारी अणू फुटला तर विष सुटून मांजर मरणार, नाही फुटला तर नाही. पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) गणितात न पाहिलेला अणू दोन्ही अवस्थांच्या मिश्रणात असतो, मग मांजरही अर्धं जिवंत अर्धं मेलेलं म्हणायचं का? तुमच्या खेळातलं पान याचं बरं रूप आहे. हातात असताना त्याला रंग नाहीच, लपवलेला सुद्धा नाही. हा भेद नीट लक्षात घ्या. तीन-दोन-पाचमध्ये समोरच्याचं पान मला माहीत नसतं, पण ते बदाम की किलवर हे आधीच ठरलेलं असतं. इथे ते ठरलेलंच नसतं. एवढा एक फरक बोटांना कळला तरी पुस्तकाची बरीच पानं वाचल्यासारखं आहे.

पण एका जागी खेळ निसर्गापासून दूर जातो. खेळात रंग तुम्ही निवडता. प्रयोगशाळेत काय मोजायचं ते आपण निवडतो, उत्तर काय येणार ते नाही. उत्तराची फक्त संभाव्यता कळते. हे रूममेटला सांगून मग खेळा. मला विचाराल तर विज्ञान यात नक्की आहे, कारण ते नियमात आहे. मांजराचं चित्र काढून टाकलं तरी खेळ तोच राहील. माझी कसोटी हीच.

आणि मधला पाट नीट पाहा. मी ‘पाच निळा’ म्हटलं की तुमच्या हातातल्या पाचाला निळं होण्याचा मार्ग बंद होतो, तुमचं पान न हलता. सगळ्यांच्या विधानांचा एकमेकांशी मेळ बसलाच पाहिजे, यात मला सगळ्यांत जास्त गोडी वाटते.

चौघांना एकाच बाजूने खेळायची हौस असेल तर ‘द क्रू’ शोधा. थॉमस सिंग यांचा 2019 चा जर्मन खेळ, 2020 मध्ये त्याला जर्मनीचा जाणत्या खेळाडूंसाठीचा मोठा पुरस्कार मिळाला. कोणतं पान असलेला हात कुणी घ्यायचा ते आधी ठरलेलं, पण बोलायची मनाई, आणि गोष्ट नवव्या ग्रहाच्या शोधाची. तो ग्रह असावा असं गणित अमेरिकेतल्या कॅल्टेक संस्थेच्या बॅटिगिन आणि ब्राउन यांनी 2016 मध्ये मांडलं, दुर्बिणीला तो अजून सापडलेला नाही. खेळ उत्तम आहे, पण यातलं अवकाश गोष्टीपुरतं. नियमांना त्याचा स्पर्श नाही.

शहापूर, बेळगावच्या एक आजी: आम्ही तिघी मैत्रिणी दुपारी तीन-दोन-पाच खेळतो. नातू म्हणतो, तुम्हाला रसायनाचे पत्ते शिकवतो. मी सातवी शिकलेली. जमेल का?

आजी, तुम्हाला नातवापेक्षा लवकर जमेल. उतारी, हुकूम, कापणं, पान राखून ठेवणं हे सगळं तुमच्या हातात आहेच. हायड्रोजनचं पान सोडलं तर नवीन गोष्टी दोनच: हॅलोजन हा कायमचा हुकूम आणि त्यात लहान आकडा मोठा, आणि राजवायूला कापायचं नाही, झेनॉनवर फ्लोरीन सोडून. मूलद्रव्यं तर तुमच्या घरातच आहेत. मिठात सोडियम, क्लोरीन आणि घातलेलं आयोडीन, पानाच्या चुन्यात कॅल्शियम, दातांच्या पेस्टमध्ये फ्लोरीन.

तुमच्या सवयीला धरून एक बदल सुचवते. तिघींना सात-सात पानं येतात, तेव्हा तीन-दोन-पाचच्या जागी चार-दोन-एक ठेवा. पहिली उतारी करणारीने चार हात करायचे, तिच्या उजवीकडचीने दोन, वाटणारीने एक. पुढच्या डावाला वाटप उजवीकडे सरकेल. जिचे हात जास्त झाले तिने पुढच्या डावात, जिचे कमी पडले तिच्या हातातून न बघता तितकी पानं ओढायची आणि बदल्यात नको असलेली द्यायची. हेलियम दिला तरी चालतो.